टोकियोहून परत यायला सहा तास लागत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज असा: "पृथ्वी पूर्वेकडे फिरते. म्हणून दिल्लीहून टोकियोला जाताना शहर पुढे पळतं नि साडेअकरा तास लागतात. येताना भारतच विमानाकडे येतो, सहा तासांत घरी! शिवाय कंपन्या वाकड्या वाटेने नेऊन पैसे उकळतात." पुरावा म्हणून तिकिटाचा फोटो. हा मेसेज वाचून माझ्या मावशीने परतीच्या प्रवासातल्या इन्सुलिनचा हिशोब सहा तासांवर बसवला, म्हणून हे लिहितोय.

आधी तिकीट. त्यावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते आणि जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. समजा, दिल्लीहून रात्री 8 ला निघालात, टोकियोला सकाळी 7:30 ला उतरलात. दिसतात साडेअकरा तास. साडेतीन वजा करा, उरले आठ. परतताना सकाळी 11 ला निघून दिल्लीत संध्याकाळी 5. दिसतात सहा, इथे साडेतीन मिळवायचे, झाले साडेनऊ. म्हणजे मेसेजवाल्याने गणित साफ उलटं मांडलंय. लांबचा प्रवास परतीचाच.

राहिली पृथ्वी. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,560 किलोमीटर वेगाने फिरते. हवा मागे राहत असती, तर नागपुरातल्या झिरो माइल स्तंभावर तासभर तरंगणारं हेलिकॉप्टर अरबी समुद्रावर पोहोचलं असतं! हवा जमिनीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं.

जायच्या-यायच्या वेळेत फरक पडतो, एवढं मात्र खरं. त्याचं कारण वारा. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरदार वारा मोजला आणि 1926 साली अहवाल छापला, तोही एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. हाच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर तो ताशी 200 किलोमीटरच्या वर सहज जातो. टोकियोला जाताना ताशी 900 ने उडणाऱ्या विमानाला मागून 150 चा वारा मिळाला, तर जमिनीवरचा वेग 1,050; परतताना तोच समोरून आला, तर 750. उन्हाळ्यात वारा मंदावतो, फरकही घटतो.

वाकड्या वाटेचं म्हणाल, तर दिल्ली–टोकियो सरळ अंतर सुमारे 5,850 किलोमीटर आणि ती रेषा तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. पठाराची सरासरी उंचीच 14,000 फुटांच्या वर. उतरणार कुठे? म्हणून वळसा. त्यात इंधन कंपनीचंच जळतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी नागपूरसारख्या गावातल्या आपल्या घरापासून टोकियोतल्या घरापर्यंतचे खरे तास मोजून, दिल्लीतला थांबा धरून, डॉक्टरांकडून जायचं आणि यायचं अशी दोन वेगळी वेळापत्रकं लिहून घ्यावीत. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इन सामानात ते गोठू शकतं.