हॅकेनसॅक म्हणजे मॅनहॅटनचं डोंबिवली

परवा शनिवारी नेहमीसारखे न्यू जर्सीत ओक ट्री रोडला जमलो. कट्टा म्हणजे पार्किंग लॉटच्या कडेची काँक्रीटची बुटकी भिंत आणि समोर चहाचं दुकान, पण गेली पंधरा वर्षं आम्ही तिला कट्टाच म्हणतो आणि आता दुकानवाला गुजराती काकाही तसंच म्हणतो. ताई, नाना, पक्या, मी आणि छोटू. छोटू म्हणजे इथल्या एनजेआयटी कॉलेजला एमएस करायला आलेलं पोरगं, सव्वीस वर्षांचं, नानाच्या बेसमेंटमधे भाड्यानं राहतं.

विषय निघाला फाउंटन्स ऑफ वेनचा, म्हणजे पॉवर पॉप वाजवणाऱ्या अमेरिकन बँडचा. बेस वाजवणारा आणि गायक ख्रिसबरोबर गाणी लिहिणारा त्यांचा अ‍ॅडम आता नाही. अ‍ॅडमशिवाय बँड परत स्टेजवर आला हे सगळ्यांना माहीत होतंच. नाना म्हणाला, आपल्या बाजूला शो लागला तर जाऊया लगा, गाडी मी काढतो. झालं, एवढ्यावरनं पेटलं.

पक्या म्हणाला, "कशाला? एका गाण्याचा बँड. वन हिट वंडर."

पक्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पक्या सदाशिव पेठेतला, डेटा अ‍ॅनालिटिक्समधे, आणि त्याला कुठल्याही माणसाबद्दल विचारलं की तो आधी आकडा सांगतो. म्हणजे स्वतःच्या लग्नाबद्दल विचारलं तरी पानात किती पदार्थ होते ते सांगेल. फोन काढलाच त्यानं. "स्टेसीज मॉम, २००३, बिलबोर्डवर २१ नंबर. त्याच्या आधी काही नाही, त्याच्या नंतर काही नाही. विषय संपला."

छोटू मधेच म्हणाला, "थांबा, ते गाणं बॉलिंग फॉर सूपचं आहे ना?"

ताईनं कपाळाला हात लावला. अरे बाबा, नाहीये. आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्या बॉलिंग फॉर सूपवाल्यांनी शेवटी २०११ ला कंटाळून ते गाणं खरंच स्वतः रेकॉर्ड करून टाकलं, की घ्या आता, झालं आमचं. पक्याला तर आयतंच मिळालं. "बघा! ज्यांचं एकच गाणं हिट, तेही लोकांना दुसऱ्याचं वाटतं!"

मी म्हणालो, अ‍ॅडमनं १९९६ ला सिनेमासाठी दॅट थिंग यू डू हे गाणं लिहिलं, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि त्या सिनेमाची गोष्टच मुळी एका गाण्यावर गाजणाऱ्या बँडची. त्याच वर्षी ह्यांची पहिली सीडी आली. मग दोन सीड्या झाल्यावर अटलांटिक कंपनीनं त्यांना काढून टाकलं, तिसरी त्यांनी स्वतःच्या खिशातनं रेकॉर्ड केली, आणि ती चालली तेव्हा ग्रॅमीवाल्यांनी नॉमिनेशन कशाचं दिलं तर बेस्ट न्यू आर्टिस्टचं! पहिल्या सीडीनंतर सात वर्षांनी 'नवीन कलाकार'!

"माझ्या प्रमोशनसारखंच की," नाना म्हणाला. नानाचं हसू म्हणजे कोल्हापुरी, पलीकडच्या साडीच्या दुकानातली माणसं वळून बघतात.

पक्या काय ऐकतोय. त्यानं पिंक फ्लॉइड काढलं. तो दर वेळी पिंक फ्लॉइड काढतो. संगीत म्हणजे कसं, त्यात डेप्थ पाहिजे, वीस वीस मिनिटांची रचना पाहिजे, लेयर्स पाहिजेत, पॉवर पॉप म्हणजे काय तर बीटल्सची झेरॉक्स, तीन मिनिटं गोड चाल, टाळ्या, मागनं आ-आ-आ, संपलं, आणि हे सगळं तो उभा राहून, हात मागे बांधून सांगतो, वसंत व्याख्यानमालेत असल्यासारखं.

ताई म्हणाली, "पक्या, तीन मिनिटांत माणूस उभा करणं जमतं का बघ. तुला तर ऑर्डर द्यायला वीस मिनिटं लागतात."

आणि खरंच आहे ते. अभंग काय वीस मिनिटांचा असतो का. बिग स्टार, बॅडफिंगर, रास्पबेरीज, ह्या सगळ्या घराण्याचं कामच ते, चाल एवढी गोड करायची की आतलं दुःख दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकल्यावर लागावं. आणि ह्यांच्या गाण्यांतली माणसं बघा ना कोण असतात, सेल्समधला दारू पिऊन उद्यापासून सुधारणार म्हणणारा, ट्रॅफिकमधे अडकलेला, बॉसच्या शिव्या खाणारा. आपणच असतो की. आणि गाणी लिहिणारा त्यांना हसत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. गंमत करतो पण चिडवत नाही.

ताईचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते तिनं याआधी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

ताई डोंबिवलीची. २००२ च्या डिसेंबरात लग्न होऊन आली ती थेट हॅकेनसॅकला. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर. एच-फोरला तेव्हा काम करायची परवानगीच नव्हती, ती मिळाली २०१५ ला आणि तीही काही जणांनाच, तोवर ताईचं ग्रीनकार्ड होऊन गेलेलं. डोंबिवलीत ही बाई बँकेत होती, आठ-बाराची फास्ट पकडून फोर्टला जायची, आणि इथं दिवसभर एका बेडरूमच्या अपार्टमेंटमधे. नवरा सकाळी पोर्ट ऑथॉरिटीची बस पकडणार ते रात्री आठला. "बर्फ पडलेला, गाडी येत नाही, ओळखीचं कुणी नाही. चालत लायब्ररीत जायचे. तिथं सीड्या फुकट मिळायच्या म्हणून मूठभर उचलून आणायचे, नाव न बघता. एकदा उलटून मागची यादी वाचली तर चौथं गाणं, हॅकेनसॅक. मला वाटलं छपाईची चूक असेल. ह्या गावावर कोण गाणं लिहील? डोंबिवलीवर लिहिलंय का कुणी? आणि हॅकेनसॅक म्हणजे मॅनहॅटनचं डोंबिवलीच की. रात्री झोपायला यायचं गाव."

नाना म्हणाला, "डोंबिवलीवर गाणं नाही, रेल्वेची अनाउन्समेंट हाय."

"हसू नको. लोक त्या सीडीवर तिसऱ्या गाण्यावर थांबले, स्टेसीवर. मी चौथ्यापासनं सुरू झाले. गाण्यात काय आहे, ह्याच्या शाळेतली मुलगी मोठी नटी झालीय, हा टीव्हीवर तिला बघतो. हा आधी रेकॉर्डच्या दुकानात होता, आता बापाच्या हाताखाली लोकांच्या घरातल्या लाकडी जमिनीवरचा रंग खरवडतो. आणि म्हणतो काय, की कधी परत आलीस हॅकेनसॅकला, तर मी इथं आहे. बस. रडारड नाही, मला का सोडून गेलीस नाही. ज्या गावातनं सगळे सुटायचंच बघतात त्या गावात मागं राहिलेल्या माणसाचं गाणं आहे ते. मी जमिनीवर बसून ऐकलं. सोफा नव्हताच आमच्याकडं. आणि मला माझा दादा आठवला, डोंबिवलीतला, मी निघाले तेव्हा गेटपाशी उभा होता आणि काहीच बोलला नाही."

छोटूनं हळूच फोन काढून ते गाणं लावलं, कमी आवाजात. चांगलं पोरगं आहे.

पक्या म्हणाला, "केटी पेरीनं पण गायलंय ते, एमटीव्ही अनप्लग्डला, २००९. तिचे व्ह्यूज—"

"पक्या, गप," तिघं एकदम.

मग नाना सुरू झाला. नानाचं गाणं लिटल रेड लाइट. २००५-०६ ला नाना एडिसनहून व्हाइट प्लेन्सच्या क्लायंटकडं जायचा, टॅपन झी ब्रिजवरनं, आणि त्या गाण्यात माणूस त्याच ब्रिजवर ट्रॅफिकमधे अडकलेला आहे, आणि फोनवरचा लाल दिवा काही लुकलुकत नाहीये. "मी त्येच ऐकत त्येच बघत बसलेलो असायचो. ब्रिज पाडला, गाणं ऱ्हायलं." ह्यावरनं निघालं की तेव्हा नानाच्या गाडीत रोज कोण कोण असायचं आणि पेट्रोलचे पैसे कोणी कधीच दिले नाहीत, मग २००९ च्या गणपतीत वर्गणीचा हिशोब कोणी ठेवला होता आणि मोदकांची ऑर्डर दुप्पट कशी गेली, अर्धा तास त्यातच गेला, छोटू दोनदा चहा घेऊन आला. तो हिशोब पक्यानंच ठेवला होता एवढंच नोंदवतो.

माझी आठवण मी सांगितली ती अशी. माझी नोकरी पार्सिपनीला होती, रूट ४६ वरनं जायचो, आणि वेन गावापाशी रोज ते दुकान दिसायचं, फाउंटन्स ऑफ वेन, लॉनमधे ठेवायचे पुतळे, कारंजी, बागेतल्या खुर्च्या, आणि ख्रिसमसला तर जत्राच. मला वर्षभर माहीतच नव्हतं की त्या पाटीवरनं बँडचं नाव घेतलंय. अ‍ॅडम मॉन्टक्लेअरचा, तिथनं जवळच. मग एकदा विलोब्रुक मॉलमधे सीडीवर तेच नाव दिसलं आणि मी फक्त पाटी ओळखीची म्हणून घेतली. ते २००३ चं साल होतं, ऑक्टोबरात एच-वन-बीचा, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसाचा, वर्षाचा कोटा १,९५,००० वरनं ६५,००० वर आला आणि त्याच महिन्यात मला घरी बसवलं. आता ६० दिवसांची मुदत मिळते, ती २०१७ पासनं आली, तेव्हा तसलं काही लेखी नव्हतं, नोकरी गेली की तुम्ही त्या दिवसापासनं अधांतरी. बॉसनं खोका दिला, मी सामान गाडीत टाकलं आणि पार्किंगमधेच बसून राहिलो. सीडी चालू होती. हे ज्युली लागलं. दिवसभर बॉसचा जाच सोसणारा माणूस, आणि घरी ज्युली आहे म्हणून निभतंय एवढंच गाणं. मला घरी फोन करायची हिंमत होत नव्हती. ते गाणं चार वेळा लावलं आणि मग फोन केला. बायको म्हणाली, "ये घरी, पिठलं टाकते." मला आजही त्या गाण्याला पिठल्याचा वास येतो.

कोणी काही बोललं नाही. मग मी नानाला म्हणालो, "आणि ती सीडी तू २००४ ला नेलीस."

"दिली की परत!"

"नाही दिलीस."

नाना पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागला.

ताई म्हणाली, तुम्हाला सगळ्यांना जुनं आठवतं, मला २०२० आठवतं. १ एप्रिलला अ‍ॅडम गेला कोविडनं, ५२ वर्षांचा. ताई तेव्हाही हॅकेनसॅकलाच, हॉस्पिटलपासनं चालत अंतरावर. रात्रंदिवस सायरन. शेजारचे म्हातारे आजोबा, जे ताईला पहिल्या हिवाळ्यात बर्फ काढायला शिकवायला आले होते, ते गेले आणि कुणालाच जाता आलं नाही. मग २२ तारखेला टीव्हीवर जर्सीसाठी मदतीचा कार्यक्रम होता, सगळे कलाकार आपापल्या घरातनं. त्यात बँडमधले उरलेले तिघं आले, ख्रिस, जोडी पोर्टर, ब्रायन, आणि अ‍ॅडमच्या जागी शेरन व्हॅन एटन. आणि म्हणले काय, तर हॅकेनसॅक.

"मी इथं आहे, परत आलीस तर, हे तो म्हणतोय आणि खाली रस्त्यावरनं अ‍ॅम्ब्युलन्स जातीय," ताई म्हणाली. "त्या दिवशी सगळं गाव घरात मागं राहिलेलं होतं रे."

नानानं चष्मा पुसला.

आणि पक्या, पक्याच तो, म्हणाला, "ते ठीक आहे, पण लॉजिकली बघा. गाणी लिहिणाऱ्या दोघांतला एक गेला. आता बेसवर दुसऱ्या बँडचा माणूस. मग हा ओरिजिनल बँड कसा? ट्रिब्यूट बँड म्हणा. मी तिकिटाला पैसे घालणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

ताईनं कप खाली ठेवला. "तू सदाशिव पेठेतला ना? गदिमा कधी गेले?"

"सत्याहत्तर. डिसेंबर." पेठेतला असल्यानं हे पाठच.

"मग बाबूजींनी पेटी मिटून ठेवली का? पुढं कित्येक वर्षं गीतरामायण गात होते, आणि आता श्रीधरजी गातात. तुझे बाबा जातात ना ऐकायला? त्यांना सांग, काका, ट्रिब्यूट बँड आहे, तत्त्वाचा प्रश्न आहे."

नाना भिंतीवरनं खाली उतरूनच हसायला लागला. मला ताईचं शंभर टक्के पटलं. लिहिणारा गेला म्हणून गळ्यानं गप्प बसायचं असतं का, आणि ही गाणी पहिल्यापासनं ख्रिसच्याच गळ्यातली आहेत.

पक्या लालबुंद. गीतरामायणावर त्याला बोलता येईना म्हणून तो गाण्यांवर घसरला. "आणि काय एवढी थोर गाणी आहेत! ते तुझं हे ज्युली घे. तेच तेच, तेच तेच. हे ज्यू-ज्यू-ज्यू-ज्यू-ज्युली, काय आहे ते? डोकं उठतं."

मी म्हणालो, "परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणलास ते. परत म्हण."

"हे ज्यू-ज्यू-ज्यू..."

गाण्यात ज्यू-ज्यू-ज्यू नाहीये. कुठंच नाहीये. ते माझ्या सीडीवर आहे. माझ्या मुलानं दोन वर्षांचा असताना किल्ल्यांनी ओरखडा काढला होता, नवव्या गाण्यावर, आणि सीडी बरोबर तिथं अडकायची.

सगळे नानाकडं बघायला लागले. नाना आठवायला लागला, मोठ्यानं. सीडी गाडीत होती. गाडी म्हणजे जुनी कॅमरी. कॅमरी २००८ ला विकली. कुणाला विकली?

पक्या तेव्हा नुकताच आला होता भारतातनं.

"ती बाहेरच येत नव्हती!" पक्या ओरडला. "इजेक्टचं बटण चालत नव्हतं! मी काय करणार होतो? रेडिओ पण बिघडलेला होता!"

"म्हणजे सोळाच्या सोळा गाणी ऐकलीस तू," ताई म्हणाली. "किती दिवस?"

पक्या काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"पाच वर्षं."

छोटूच्या नाकातनं चहा आला. नाना गाडीच्या बॉनेटवर आडवा. दुकानवाले काका बाहेर येऊन विचारायला लागले काय झालं, आणि सांगायला कुणाला श्वासच नव्हता, आणि पक्या त्यांना सुद्धा समजावून सांगत होता की १९९९ च्या कॅमरीत इजेक्टचा प्रॉब्लेम कॉमन होता.