त्याच्या सुरकुत्या ठेवा, तिच्या काढा

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला चार दिवस लागले. तुमचे दोन मुद्दे काही केल्या खोडता येईनात, म्हणून. त्यातला एक शेवटी मान्यच करून टाकलाय, खाली येईलच.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जाहिरातींमध्ये बाईची त्वचा, कंबर आणि वय यांचं काय केलं जातं यावर मी मागे लिहिलं होतं. जाहिरातक्षेत्रात २२ वर्षं काढलेल्या या वाचकांचं म्हणणं असं, की जाहिरात हा आरसा आहे, समाजाला जे हवं तेच ती दाखवते. बायका ही उत्पादनं स्वतःच्या पैशाने घेतात, अशा जाहिराती छापणाऱ्या मासिकांच्या संपादकही बायकाच असतात, मग याला लिंगभेद म्हणणं म्हणजे बायकांना बिनडोक ठरवणं. पुरुषांनाही आता सिक्स पॅक दाखवून छळतात, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. रिटच केलेल्या, म्हणजे संगणकावर फेरफार केलेल्या फोटोवर तशी सूचना सक्तीची करा हा माझा उपाय कुचकामी आहे. आणि शेवटचं वाक्य: ‘तुम्ही कधी आत बसून काम केलेलं दिसत नाही, बाहेरून दगड मारणं सोपं असतं.’

शेवटापासूनच सुरू करते. बसले आहे आत. लिहायला लागायच्या आधी तीन वर्षं मी एका स्टुडिओत रिटचिंग करत होते.

त्यातलं एक काम अजून डोळ्यांसमोर आहे. विमा योजनेची जाहिरात होती. चाळिशीतली दोन मॉडेल, नवरा-बायको म्हणून, एकाच फ्रेममध्ये, एकाच लाइटखाली. फाइलवर क्लायंटकडून लाल गोल करून आले. तिच्याभोवती अकरा. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांच्या कडेची रेघ, गळ्यावरची आडवी घडी, काखेजवळ दुमडलेली कातडी, कोपर, कंबर, हाताच्या पाठीवरच्या शिरा, बाकीचे आता आठवत नाहीत. त्याच्याभोवती एकच गोल होता, कॉलरवरच्या सुट्या धाग्याला. त्याच्या कपाळावरच्या आठ्यांशेजारी मात्र मुद्दाम लिहिलं होतं, ‘ठेवा, कॅरेक्टर येतं.’

गळ्यावरची घडी काढणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. ती पुसली की गळा नळीसारखा दिसायला लागतो. मग तिथे सावली रंगवावी लागते. म्हणजे खरी सावली खोडायची आणि खोटी काढायची. लिक्विफायने, म्हणजे चित्र हवं तसं ओढूनताणून देणाऱ्या साधनाने, कंबर आत घेतली की मागच्या खिडकीची चौकट वाकते, ती सरळ करण्यात आणखी अर्धा तास. चौकट वाकलेली कोणाच्या लक्षात आली तर फजिती, कंबर वाकवलेली लक्षात येऊ नये यासाठीच तर सगळी मेहनत. विम्याच्या हप्त्याशी त्या बाईच्या कोपराचा संबंध काय, हे तेव्हा मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

म्हणून ‘आरसा’ हा शब्द मला पटत नाही. आरशाला ब्रीफ, म्हणजे काय दाखवायचं याची क्लायंटची सूचना, येत नाही, फीडबॅकचे तीन राउंड होत नाहीत.

तुम्ही धंद्यातले आहात, तेव्हा जेम्स वेब यंग हे नाव तुम्हाला नवीन नसेल. एकेकाळी बायबल विकत हिंडलेला हा माणूस जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारा, झाला आणि त्याच्याकडे ‘ओडोरोनो’ नावाचं घाम रोखणारं औषध आलं. मुळात ते एका सर्जनने शस्त्रक्रियेच्या वेळी हातांना घाम येऊ नये म्हणून बनवलं होतं. पुढे त्याच्या मुलीने ते काखेसाठी विकायला काढलं. काही वर्षांनी खप अडला, तेव्हा एजन्सीने घरोघरी पाहणी करवली. औषध बायकांना माहीत होतं. पण साधारण दोन तृतीयांश बायकांचं म्हणणं होतं की आपल्याला त्याची काही गरज नाही.

तुमचा आरसा खरा असता तर गोष्ट इथेच संपली असती. समाजाने स्वच्छ सांगितलं होतं, नको. यंगने १९१९ साली ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकन मासिकात जाहिरात दिली. चित्रात एक जोडपं, पुरुषाकडे झेपावणारा तिचा हात, आणि मजकुराचा सूर असा, की बाईला स्वतःला पत्ता नसतो पण बाकीच्यांना वास येत असतो. सुमारे २०० वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. यंगच्या ओळखीतल्या बायकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. आणि वर्षभरात खप ११२ टक्क्यांनी वाढला.

घाम आधीही येतच होता. नवीन काय आलं, तर आपल्यामागे कोणीतरी बोलत असेल ही धास्ती. बाटली तयारच होती, तिला लागणारी उणीव नंतर घडवली गेली. काखेतल्या केसांचंही तेच. जिलेटने १९१५ मध्ये बायकांसाठी रेझर काढला, कारण बाह्या गेल्या होत्या आणि तोवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेली एक जागा अचानक दिसू लागली होती. पुरुषाच्या काखेतही तेवढेच केस होते. ती मात्र कोणाला लाजिरवाणी वाटली नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा, बायका बिनडोक आहेत का. नाहीत, आणि तसं मी म्हटलेलंही नाही. १९१९ मध्ये ती बाटली घेणारी बाई माझ्या मते पूर्ण शहाणी होती. ती जाहिरात तिने एकटीने थोडीच वाचली होती? तिच्या मैत्रिणींनी वाचली, बहिणींनी वाचली, ते मासिक घरात पडलेलं असताना पुरुषांनीही चाळलं असेल. कालपर्यंत ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्यावर उद्यापासून तिला जोखलं जाणार होतं. मग तिने काय करायचं?

‘नको असेल तर बघू नका’ या तुमच्या सल्ल्याची अडचण इथेच आहे. मी नाही बघितली. पण माझी मुलाखत घेणाऱ्याने बघितलीय. चाळिशीनंतर बाई ‘दमलेली’ दिसते आणि पुरुष ‘अनुभवी’ दिसतो, हे त्याला कोणी शिकवलं नाही. त्याने अशी हजारो चित्रं नुसती पाहिली आहेत, आणि त्यातलं एखादं मीच बनवलेलं असेल.

संपादक बायका असतात हे खरं. रिटच करणारी मीही बाईच होते. स्वतःच्या गळ्यावर तशीच घडी असताना दुसरीची पुसताना मला काडीचाही विसंवाद जाणवला नाही. काम चांगलं झालं याचा आनंदच व्हायचा. याने तुमचा मुद्दा सिद्ध होतो की माझा, यावर मी बराच वेळ घालवला. माझं मत असं, की ज्याचा पगार ज्या नजरेवर चालतो त्याला ती नजर लवकर येते, मग तो बाई असो की बुवा.

सौंदर्याच्या कल्पना पूर्वीपासून होत्याच, असं तुम्ही जाता जाता म्हटलंय. होत्या ना. फिजीमध्ये भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानत, बारीक होणाऱ्या माणसाची काळजी करत. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, त्यावर बहुतेक मालिका बाहेरच्या. अॅन बेकर या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी टीव्ही नुकता आलेला असताना आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबाबत विकार असावा असं सुचवणारे गुण १२.७ टक्के मुलींना मिळाले होते, ते प्रमाण २९.२ टक्क्यांवर गेलं. वजन आटोक्यात ठेवायला ओकाऱ्या काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. नमुना लहान होता, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुली, आणि त्याही वेगवेगळ्या. त्यामुळे सगळं टीव्हीच्या माथी मारता येणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांची आवड तीन वर्षांत अशी हलत असेल, तर ‘समाजाला हवं तेच’ मधलं ‘हवं’ कुठून येतं हे विचारायला हरकत नसावी.

पुरुषांचं तुम्ही म्हणता ते चुकीचं नाही. सिक्स पॅकने मुलगे हैराण आहेत, पावडरी आणि इंजेक्शनं घेताहेत. फक्त ‘कोणी अवाक्षर काढत नाही’ हे मान्य नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने, म्हणजे एएसएने, जून २०१९ पासून बाई-पुरुषांना ठरावीक साच्यात बसवणाऱ्या अपायकारक चित्रणाविरुद्ध नियम लागू केला. ऑगस्टमध्ये त्याखाली पहिल्या दोन जाहिरातींवर बंदी आली. फोक्सवॅगनच्या जाहिरातीत पुरुष अंतराळवीर आणि खेळाडू, बाई मात्र बाबागाडीशेजारी बसलेली. दुसरी फिलाडेल्फिया चीजची, तिच्यात दोन बाप खाण्याच्या नादात आपली बाळं सरकत्या पट्ट्यावर विसरतात. म्हणजे पहिल्या दोनातली एक बापांना बावळट दाखवल्याबद्दल गेली. ज्या नियमाला तुम्ही ‘स्त्रीवाद्यांचं खूळ’ म्हणता, त्याचा फायदा पहिल्याच फटक्यात तुम्हालाही झाला.

आता मान्य करायचं ते. सूचनेचा उपाय. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर व्यावसायिक फोटोवर ‘रिटच केलेला फोटो’ असं लिहावं लागतं. नॉर्वेतही तसा कायदा जुलै २०२२ पासून आहे. मी मागच्या लेखात हे मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, तपासून बघा. बघितलं. आजवरचे बरेचसे प्रयोग सांगतात की अशा सूचनेने बघणारीला स्वतःबद्दल वाटणारी नाराजी फारशी कमी होत नाही. काही प्रयोगांत तर कोणता अवयव बदलला हे लिहिल्यावर नजर नेमकी त्याच अवयवावर जास्त खिळली. खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः रिटच करायचे, प्रत्येक चित्र खोटं आहे हे मला सगळ्यांत आधी कळायचं, आणि तरी संध्याकाळी आरशात गळा बघायचेच. तो परिच्छेद मूळ लेखात खोडला आहे, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे.

त्यापेक्षा मला पुरावा मागणारा नियम जास्त उपयोगी वाटतो. २०११ मध्ये एएसएने लॅंकोम या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडची, अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स असलेली मेकअपची जाहिरात बंद केली. रॉबर्ट्स सुंदर नाही असं कोणी म्हणत नव्हतं. दिसतोय तो परिणाम उत्पादनाचा आहे की रिटचिंगचा, एवढंच विचारलं होतं, आणि कंपनीला ते दाखवता आलं नाही. अर्थात विम्याच्या जाहिरातीत हेही लागू पडणार नाही, तिथे कोपर विकायला ठेवलेलंच नसतं.

आणि हो, ‘कंपन्या स्वतःच बदलताहेत, डव्ह बघा’ हे तुमचं वाक्य. डव्हची ‘खऱ्या सौंदर्या’ची मोहीम २००४ पासून आहे आणि तिच्यातल्या काही फिल्म मला मनापासून आवडतात. पण मालक युनिलिव्हर. त्याच काळात तीच कंपनी ‘फेअर अँड लव्हली’ विकत होती, नावातला ‘फेअर’ गेला तो २०२० मध्ये. यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्याकडे २२ वर्षांच्या फाइली असतील. त्यातल्या खुणा केलेल्या, क्लायंटकडून आलेल्या काढा. फक्त त्याच, ज्यात बाई आणि पुरुष एकाच फ्रेममध्ये आहेत आणि विकायची वस्तू त्वचेची किंवा केसांची नाही. गोल मोजा, तिच्याभोवती किती, त्याच्याभोवती किती. माझ्याकडे तीन वर्षांतल्या अशा चौदा फाइलींची आठवण आहे, आणि आठवण म्हणजे पुरावा नाही हे मीच आधी सांगते. तुमचा आकडा माझ्याविरुद्ध गेला तरी इथेच, याच पानावर छापेन.