घड्याळ फेकून देण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही वय ५८ लिहिलंय म्हणून काका म्हणते, राग मानू नका.

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका-काकू रोज सकाळी टेकडीवर बरोबर फिरतात. घरी आल्यावर काकांच्या घड्याळात ४.१ किलोमीटर दिसतात, काकूंच्या ४.७. मध्येच थोडं हळू धावलं की काकांचे ठोके एकदम १६२. चाळीस मिनिटांत ३८० कॅलरी जळल्याचं घड्याळ सांगतं, पण वजन जागचं हलत नाही. स्कूटरवरून भाजी आणली तरी पावलं वाढतात. म्हणून, "हे महागडं खेळणं आहे, लोकांना त्याच्या नादी लावू नका, फेकून द्या."

काका, फेकू नका. तुमच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि बरीचशी तुम्हाला घरच्या घरी दूर करता येतील.

आधी ठोक्यांचं बघू, कारण तो आकडा बिघडला की पुढचे बरेच आकडे बिघडतात. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर पाऊल पडलं की घड्याळ हलतं, प्रकाश त्या हलण्यानेही बदलतो, आणि घड्याळ ठोके समजून पावलं मोजायला लागतं. हळू धावताना मिनिटाला साधारण १५० ते १७० पावलं पडतात. तुमचे १६२ नेमके तिथेच बसतात, म्हणून मला शंका येते.

खात्री करणं सोपं आहे. ॲपमध्ये त्या दिवसाचा आलेख उघडा. ठोके चढायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे रेघ हळूहळू वर जायला हवी. धावायला लागल्याक्षणी ती सरळ उभी चढली असेल आणि पावलांच्या गतीच्या रेघेला चिकटून चालली असेल, तर तो आकडा हृदयाचा नाही. पुढच्या वेळी थांबल्याथांबल्या मानेवर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, हाडापासून एक-दोन बोटं कोपराच्या दिशेने हवं. व्यायामापुरता पट्टा एक भोक घट्ट करा, नंतर सैल करा. काकूंच्या त्याच हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हाताला बांधायला सांगा. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा निघण्याआधी घरातच अंग गरम करून घ्या. आणि सूर्यनमस्कार घालताना मनगटावरचे ठोके धरूच नका. हात जमिनीला टेकून मनगट मागे दुमडलं आणि अंगाचा भार त्यावर आला की तिथला रक्तप्रवाहही बदलतो आणि घड्याळही सरकतं. तिथे छातीचा पट्टाच हवा. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो, त्याला मनगटाशी देणंघेणं नसतं.

तुम्ही बीपीची गोळी घेता असंही लिहिलंय. ती बीटा ब्लॉकर गटातली असेल तर ठोके मुळातच कमी राहतात. घड्याळ जे झोन, म्हणजे हलक्या ते जोरदार व्यायामाचे ठोक्यांचे टप्पे, दाखवतं ते बहुधा २२० वजा वय या हिशेबाने, म्हणजे तुमच्यासाठी १६२ ही कमाल मर्यादा. २००१ सालचं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र घेतलं तर १६७ येतात. दोन्ही सरासरी आहेत, आणि गोळी चालू असेल तर दोन्ही लागू नाहीत. तुमची मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. तोवर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

आता अंतर. बरेच स्वस्त बँड स्वतः जीपीएस वापरत नाहीत. फोन बरोबर नसेल तर ते उंचीवरून पावलाची लांबी ठरवतात आणि पावलांशी गुणतात. चढावर पाऊल आखूड पडतं, हिशेब मात्र सपाटीचाच राहतो, म्हणून अंतर फुगतं. काकूंच्या ४.७ मागे हेच असावं. जीपीएसवालं घड्याळ असेल तर मोकळ्या आकाशाखाली उभं राहून सिग्नल मिळाल्यावरच 'सुरू' दाबा, झाडीत शिरल्यावर नको. पडताळायचं असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून दोघं दहा फेऱ्या मारा, बरोबर ४ किलोमीटर. लेन मात्र बदलू नका. आठव्या लेनमधली पूर्ण फेरी सुमारे ५३ मीटर जास्त भरते.

कॅलरींच्या बाबतीत मी सर्वस्वी तुमच्या बाजूने आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात उपकरणं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाले, पण कॅलरींमध्ये सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. कॅलरी मोजल्या जात नाहीत, ठोके, वय, वजन, उंची यांवरून त्यांचा अंदाज काढला जातो. सत्तर किलोच्या माणसाने ४० मिनिटं झपाझप चाललं तर साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी जळतात, आणि त्यातल्या पंचेचाळीसेक नुसतं बसूनही जळल्याच असत्या. तुमचे ३८० बहुधा त्या खोट्या १६२ वरून आले. ॲपमध्ये आजचं वजन भरलंय का तेही बघा. घड्याळ घेतलं त्या दिवशीचं वजन वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. सगळं नीट भरलं तरी त्या आकड्याच्या भरवशावर जास्तीची पोळी मात्र खाऊ नका.

स्कूटरची पावलं म्हणजे आपल्या रस्त्यांचे खड्डे. दहा हजार पावलांचं लक्ष्यही १९६५ च्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आलेलं आहे, त्यासाठी जीव टाकू नका. व्यायाम 'सुरू' दाबून केलेली मिनिटं धरा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि मिनिटं मोजण्यात घड्याळ चुकत नाही.

काकूंच्या घड्याळाचं मॉडेल कळवा, त्यात जीपीएस आहे का ते बघून सांगते. गोळीचं नावही डॉक्टरांना दाखवून घ्या, ते आधी.