‘कोड्यांनी गणित येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जून लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा : गणित सरावाने येतं, कोड्यांनी नाही. कोडी म्हणजे हुशार मुलांची करमणूक. ‘उत्तर कसं आलं ते लिहा’ हे परदेशातून आलेलं खूळ. आपल्या आजोबांनी पाढे घोकले आणि त्यांचे हिशेब कधी चुकले नाहीत. शिवाय परीक्षेत वेगाला गुण असतात, निबंधाला नाही.

मी सहावी-सातवीला गणित शिकवते. हा मेसेज वाचून काही पालकांनी मला वहीतली ‘कारण लिहा’ची पानं बंद करायला सांगितलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पाढ्यांबद्दल माझं भांडणच नाही. ज्या मुलाला सात आठे छप्पन आठवायला थांबावं लागतं, त्याचा कोड्यातला धागा तिथेच तुटतो. पाढे पाठ हवेतच. पण हा मेसेज पाढे आणि कोडी यांतलं एकच निवडायला लावतो, ते मला मान्य नाही.

आता ‘सरावाने येतं’ हा मुद्दा. गुणाकाराच्या धड्याखालची वीस उदाहरणं मुलं भराभर सोडवतात, कारण गुणाकार करायचा हे धड्याच्या नावातच लिहिलेलं असतं. तीच उदाहरणं सहामाहीला मिसळून आली की हात वर होतात : ‘बाई, यात बेरीज करायची का गुणाकार?’ आकडेमोड त्यांना येते. काय करायचं ते ठरवण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. कोड्याच्या डोक्यावर धड्याचं नाव नसतं, म्हणून ते ठरवावंच लागतं.

मी वर्गात देते ते एक कोडं सांगते. कुठलीही दोन अंकी संख्या घ्या, अंकांची अदलाबदल करा आणि मोठीतून लहान वजा करा. ५२ मधून २५ गेले, २७. ८१ मधून १८ गेले, ६३. उत्तर दर वेळी नऊच्या पाढ्यातलं. का?

पहिल्या दिवशी बहुतेक वह्यांत एकच ओळ येते : ‘मी दहा संख्या घेऊन बघितल्या, सगळ्यांचं तसंच आलं.’ हे पडताळणं झालं, कारण नव्हे. हा फरक मुलांना फळ्यावर सांगून कळत नाही. स्वतःची ओळ पुन्हा वाचताना कळतो, आणि त्यासाठी ती आधी लिहावी लागते. चाचणीत जेमतेम पास होणाऱ्या एका मुलीने तिसऱ्या दिवशी खाडाखोड करत पेन्सिलीने लिहून आणलं :

‘५२ म्हणजे दहाच्या ५ नोटा आणि २ रुपये सुटे. उलटं केल्यावर ५ नोटांचे ५ रुपये झाले. एका नोटेमागे ९ गेले, म्हणजे ५ वेळा ९ गेले. २ सुट्यांच्या २ नोटा झाल्या, म्हणजे २ वेळा ९ परत आले. म्हणून ३ वेळा ९ कमी झाले.’

तिला अजून बीजगणित शिकवलेलं नाही. पुढे ती (१०अ + ब) − (१०ब + अ) = ९(अ − ब) असं लिहील, तेव्हा तिला त्या अक्षरांत नोटा दिसतील. कोडी हुशार मुलांसाठी असतात, या मुद्द्याला माझ्याकडे हीच वही उत्तर आहे.

आणि हे गणित लहान मुलांपुरतं नाही. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशाच खेळातून १९४९ साली ६१७४ पर्यंत पोचले. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, अंकांची सर्वांत मोठी मांडणी करून तिच्यातून सर्वांत लहान मांडणी वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी आलं तर आधी शून्य मांडून) पुन्हा तेच करायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. प्रत्येक पायरीवरचं उत्तर नऊने का भागलं जातं, ते या मुलीच्या नोटांनीच सांगता येतं.

‘परदेशी खूळ’ हा शब्द मला खरोखर लागला. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात घातलेलं हे उदाहरण बघा : कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे, वाऱ्याने कलत कलत ती दोन हातांवर पाण्यात बुडाली, तर पाणी किती खोल? कललं तरी देठाची लांबी तीच राहते, हे ध्यानात आलं की काटकोन त्रिकोण दिसतो आणि उत्तर निघतं, पावणेचार हात. कारण लिहिण्याला आपल्याकडे उपपत्ती म्हणतात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका, म्हणजे उलगडा करणारा ग्रंथ, लिहिली आणि तिच्यात त्या रीतींच्या उपपत्ती दिल्या. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) तोंडाने म्हणत दुकानात पुड्या बांधायचे. रात्री अंगणात तेच आजोबा आम्हा भावंडांना विचारायचे : आठ शेरांचं भांडं तेलाने भरलेलं, पाच आणि तीन शेरांची दोन रिकामी, बरोबर चार शेर वेगळं काढून दाखवा. जमलं की म्हणायचे, ‘आता कसं केलंस ते सांग.’

परीक्षेचं थोडक्यात. दहावीच्या गणित भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहावं लागतं आणि प्रत्येक पायरीचं कारण द्यावं लागतं. तिथे नुसत्या वेगावर गुण मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, जी १९९६ साली मुंबईत भरली होती, दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न असतात आणि रोज साडेचार तास मिळतात. तपासलं जातं ते सगळं लिहिलेलं असतं.

यात वेळ जातो, हे मात्र खरं आहे. त्या एका कोड्याला माझे तीन तास गेले आणि तेवढी उदाहरणं मागे राहिली. ते तास मी पुन्हाही देईन.

गेल्या आठवड्यात त्याच मुलीने विचारलं, ‘बाई, तीन अंकी घेतली तर?’ तिने ७५२ मधून २५७ वजा केले, ४९५ आले. खाली लिहिलं आहे : ‘मधला ५ जागचा हलत नाही. शंभराच्या ७ नोटांचे ७ सुटे झाले, म्हणजे एका नोटेमागे…’ वाक्य तिथेच थांबलं आहे. मी ते पूर्ण केलेलं नाही. वही तिने घरी नेली आहे.