तमिळ सिनेमा २०२४ मध्ये बुडाला म्हणणाऱ्यांनी नेमकं काय पाहिलं?

२०२४ च्या तमिळ सिनेमाचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरतो. त्यात चार दावे असतात. मोठे चित्रपट सगळे आपटले, म्हणजे वर्षच वाया गेलं. तिथली थिएटरं मल्याळम चित्रपटांनी आणि वीस वर्षं जुन्या चित्रपटांनी जगवली. छोटे चित्रपट चांगले असतील, पण ते बघायला गेलं कोण? आणि गाणी म्हणजे नुसता गोंगाट. जिथे तो पुरला नाही तिथे गेलेल्या गायकांचे आवाज संगणकातून काढले.

मी ते वर्ष पुण्यात राहून पाहिलं. काही चित्रपट थिएटरात, बरेचसे घरी, उपशीर्षकं वाचत. तमिळ मला ऐकून ऐकून कळतं तेवढंच. पण या चित्रपटांनी मला इतकं दिलं आहे की हा संदेश नुसता वाचून सोडून देणं मला जमत नाही.

पहिला दावा मोठ्या चित्रपटांचा. जुलैत आलेला ‘इंडियन २’ आणि नोव्हेंबरमधला ‘कंगुवा’ पडले, हे खरंच आहे. दोन्हींमध्ये पैसा दिसत होता, गोष्ट दिसत नव्हती. पण ‘सगळे’ हा शब्द खोटा आहे. विजयच्या ‘गोट’ला गर्दी होती. दिवाळीला ३१ ऑक्टोबरला आलेल्या ‘अमरन’ने तीनशे कोटींच्या वर धंदा केला. मेजर मुकुंद वरदराजन २०१४ मध्ये काश्मीरमध्ये चकमकीत शहीद झाले, त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. दिग्दर्शक राजकुमार पेरियसामी यांनी ती कथा त्यांच्या पत्नी इंदू यांच्या तोंडून सांगितली, आणि साई पल्लवीने ती भूमिका अशी केली की लढाईच्या दृश्यांपेक्षा तिची वाट पाहणंच मनात राहतं. ‘महाराजा’ तर या हिशेबात कुणी धरतच नाही. विजय सेतुपतीचा पन्नासावा चित्रपट, नायक चेन्नईतला एक साधा न्हावी, ‘लक्ष्मी चोरीला गेली’ अशी तक्रार घेऊन तो पोलीस ठाण्यात जातो, आणि ती लक्ष्मी म्हणजे लोखंडी कचऱ्याचा डबा! त्यातली हिंसा मला जड गेली, तरी नितिलन सामिनाथन यांनी काळाची जी उलटापालट केली आहे तिला तोड नाही. हा चित्रपट शंभर कोटींच्या पुढे गेला, नोव्हेंबरअखेर चीनमध्येही लागला. लोकांनी फसलेली गोष्ट नाकारली आणि जमलेली उचलून धरली. याला बुडणं कसं म्हणायचं?

दुसरा दावा मल्याळमचा. वर्षाचे सुरुवातीचे महिने मंदीचे होते, हे मी मान्य करतो. ‘मंजुम्मेल बॉईज’ तमिळनाडूत तुफान चालला आणि एप्रिलमध्ये २००४ चा ‘गिल्ली’ पुन्हा लागला तेव्हा लोक थिएटरात नाचले. पण ‘मंजुम्मेल’ची गोष्ट घडते कोडाइकनालच्या गुणा गुहेत. या गुहेला हे नाव मिळालं १९९१ च्या कमल हासनच्या ‘गुणा’वरून, आणि चित्रपटाच्या अखेरीस अंगावर काटा आणतं ते त्याच ‘गुणा’तलं इळैयराजांचं गाणं. तमिळ प्रेक्षक परक्या चित्रपटाकडे पळाला नव्हता. शेजाऱ्याच्या घरात आपलंच गाणं वाजताना ऐकून तो आत शिरला होता.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. ‘छोटे चित्रपट बघायला कोण गेलं?’ सप्टेंबरमध्ये ‘लब्बर पंदु’ लागला तेव्हा कोण गेलं ते विचारा. लब्बर म्हणजे रबर, खेड्यातल्या जिभेवरचा. पंदु म्हणजे चेंडू. तमिळरसन पच्चमुत्तू यांचा हा पहिलाच चित्रपट. गावोगावच्या स्पर्धांत षटकार मारणारा गेत्तू आता वयाने उतरणीला लागला आहे, आणि अन्बू या तरुण गोलंदाजाला त्याची नेमकी उणीव माहीत आहे. तो ती बोलून जातो, गेत्तूच्या कानावर जाते, आणि तिथून अहंकाराची लढाई सुरू होते. त्यात अन्बूचं प्रेम बसलंय गेत्तूच्याच मुलीवर. आणि या सगळ्याखाली एक जुनं दुखणं: अन्बूचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्या जातीमुळे गावातला संघ त्याला घेत नाही. दिग्दर्शक हे भाषण देऊन सांगत नाही. संघ निवडताना कोणाचं नाव येत नाही, एवढंच तो दाखवतो.

गेत्तू तमिळ नट विजयकांतचा भक्त आहे. तो फलंदाजीला उतरला की मैदानावर १९८९ च्या ‘पोन्मन सेल्वन’मधलं विजयकांतचं गाणं वाजतं. विजयकांत २८ डिसेंबर २०२३ ला गेले होते. त्यांच्या जाण्याला वर्षही झालेलं नसताना थिएटरातली माणसं त्या गाण्यावर ओरडत होती, रडत होती. नव्या दिग्दर्शकाने जुन्या गाण्याला इतकं नेमकं काम दिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला, तोही नुसत्या तोंडी जाहिरातीवर.

त्याच्या महिनाभर आधी, २३ ऑगस्टला, मारी सेल्वराज यांचा ‘वाळै’ आला. सुट्टीच्या दिवशी केळीचे घड वाहायला जावं लागणारा शाळकरी मुलगा, आवडत्या बाई, आणि रजनी मोठा की कमल यावरून मित्राशी रोजचं भांडण. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या बालपणातून आलेली ही गोष्ट आहे. ‘फँड्री’तला जब्या ज्यांना अजून आठवतो, त्यांना हा मुलगा ओळखीचा वाटेल. हा चित्रपटही चालला. त्याच दिवशी लागलेला पी. एस. विनोदराज यांचा ‘कोट्टुक्काळि’ मात्र चालला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. फक्त रिक्षेची घरघर, कोंबड्याची फडफड, घसा बसलेल्या नायकाचा, म्हणजे नट सूरीचा, आवाज, आणि एका मुलीचं न बोलणं. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. त्यात पैसे घातले ते ‘अमरन’चा नायक शिवकार्तिकेयनने. मोठा नट अशा चित्रपटाच्या मागे उभा राहतो, तो उद्योग मेलेला नसतो.

‘मेय्यळगन’विषयी मी तटस्थ राहूच शकत नाही. ‘९६’ नावाचा चित्रपट करणारे दिग्दर्शक सी. प्रेमकुमार यांचा हा पुढचा चित्रपट. भाऊबंदकीत तंजावरचं घर सुटलेला अरुळमोळी बावीस वर्षांनी एका लग्नासाठी गावी जातो. तिथे एक माणूस त्याच्यावर जीव ओवाळून टाकतो आणि याला त्याचं नावच आठवत नाही. अख्खी रात्र गप्पांत जाते. वाटणीत सुटलेलं घर आणि नाव न आठवण्याची लाज आपल्याकडच्या कोणत्याही कुटुंबाला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय व्यंकोजीराजांपासून सुमारे पावणेदोनशे वर्षं भोसल्यांनी राज्य केलेलं ते तंजावर पडद्यावर दिसलं की मी थोडा हळवा होतोच. लांबीवरून तक्रारी आल्या म्हणून प्रदर्शनानंतर त्यातली अठरा मिनिटं कापली गेली. मला ती कापायला नको होती.

आता गाणी. गोंगाट म्हणणाऱ्याने गोविंद वसंतांनी ‘मेय्यळगन’ला दिलेल्या संगीतात कमल हासन कसे गायले आहेत ते ऐकावं. जानेवारीतल्या ‘ब्लू स्टार’मधलं ‘रयिलिन ओलिगळ’ ऐकावं, तेही गोविंद वसंतांचंच. जी. व्ही. प्रकाशचं ‘अमरन’मधलं ‘हे मिन्नले’ ऐकावं. धनुषच्या ‘रायन’मध्ये रहमान आहेत. आणि ऐंशी ओलांडलेले इळैयराजा त्याच वर्षी ‘जमा’साठी तेरुक्कूत्तूच्या, म्हणजे तमिळ लोकनाट्याच्या, जगात शिरतात आणि डिसेंबरमध्ये वेट्रीमारन यांच्या ‘विडुदलै’च्या दुसऱ्या भागालाही संगीत देतात.

यंत्रातल्या आवाजांबद्दल मात्र त्या संदेशाशी माझं अर्धं जमतं. ‘लाल सलाम’मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद, ‘वेट्टैयन’मध्ये मलेशिया वासुदेवन, ‘गोट’मध्ये भवतारिणी, अशा दिवंगत गायकांचे आवाज संगणकाने घडवले गेले. मला ते आवाज रुचले नाहीत. पण याला आळस म्हणणं अन्याय आहे. ‘लाल सलाम’चे संगीतकार रहमान यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला. आणि भवतारिणी ही ‘गोट’चा संगीतकार युवन शंकर राजाची सख्खी बहीण. ती २५ जानेवारी २०२४ ला गेली आणि सप्टेंबरमध्ये भावाने तिचा आवाज स्वतःच्या गाण्यात ठेवला. त्या भावाला मी काही बोलणार नाही.

तिचा आवाज हवासा वाटला की मी २००० सालच्या ‘भारती’मधलं ‘मयिल पोल’ लावतो. संगीत तिच्या वडिलांचं, इळैयराजांचं. त्या गाण्याला तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आणि त्या चित्रपटात तमिळ महाकवी सुब्रमण्य भारती झाले होते आपल्या साताऱ्याचे सयाजी शिंदे.