मीटरची चिप म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे

गाडीचं मीटर बंद पडलं की एक सल्ला हमखास मिळतो: "जुन्या मीटरच्या मेमरी चिपला क्लिप लावा, फाइल काढा, दुसऱ्या मीटरमध्ये टाका. दहा मिनिटांचं काम. चिप काढायची गरज नाही, इंजिनाशी संबंध नाही, चुकलं तर पुन्हा लिहा." यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एखाद्या गाडीत खरी ठरलेली असते, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण तो सगळ्या गाड्यांना लावला, तर चांगलं मीटर हातचं जातं आणि गाडी जागची हलत नाही.

"चिप काढायची गरज नाही." सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. क्लिप लावली की प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र) फक्त चिपला वीज देतो, असा समज आहे. पण चिपचा आठवा पाय बोर्डाच्या सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे प्रोग्रॅमर सगळा बोर्डच ओढत असतो. व्होल्टेज खाली बसतं. शिवाय मीटरचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मीटर चालवणारी मुख्य चिप, अर्धवट जागा होतो आणि त्याच लाइनवर चिपशी बोलू लागतो. वाचताना असं झालं तर फाइलमध्ये कचरा येतो. लिहिताना झालं तर तोच कचरा चिपमध्ये जाऊन बसतो.

शंका असेल तर क्लिप लावलेली असतानाच मल्टिमीटर धरा: नंबरात २४ किंवा ९५ असलेल्या मेमरी चिपांच्या मालिकेत पाय ४ आणि ८ वर, ९३ मालिकेत ५ आणि ८ वर. ३.३ व्होल्टऐवजी दोन-सव्वादोनच दिसत असतील, तर ते वाचन फेकून द्या. स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच्या बऱ्याच बोर्डांवर चिपचा सप्लाय ३.३ व्होल्ट असला तरी डेटाच्या लाइनी ५ व्होल्टवर चालतात. ३.३ व्होल्टच्या मीटरवर तो लावणं म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या जिवाशी खेळ.

मायक्रोकंट्रोलरचा रीसेट पाय धरून ठेवून त्याला जागाच होऊ दिलं नाही, तर क्लिपनेही वाचन नीट येतं. पण तो पाय नेमका माहीत हवा. नाहीतर चिप उतरवलेलीच बरी. आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टन टेप लावा, फ्लक्स द्या, हॉट एअर साधारण ३५० अंशांवर ठेवून गोल फिरवा, आणि सोल्डरचे सगळे डाग वितळल्याशिवाय चिमटा लावू नका. घाईत उचललेल्या चिपबरोबर बोर्डावरचं तांब्याचं पॅडही निघून येतं. चिप उतरवण्याआधी पहिल्या पायाची खूण दिसेल असा फोटो काढून ठेवा.

"फाइल काढा." एकदा वाचलेली फाइल ही फाइल नव्हे. तीनदा वाचा आणि तिन्ही फाइली बाइट-बाइट सारख्या आहेत का ते पाहा. सारख्या आल्या तरी प्रकार चुकलेला असू शकतो. ९३सी५६ मध्ये २५६ बाइट असतात, ९३सी६६ मध्ये ५१२. ५६ ला ६६ समजून वाचलं, तर पहिला अर्धा भागच दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा दिसतो. याच मालिकेत सहावा पाय आठ की सोळा बिट ते ठरवतो. ते जुळलं नाही किंवा प्रोग्रॅमर बदलला, तर बाइट जोडीजोडीने उलटतात: चॅसिस नंबरात १२३४ च्या जागी २१४३ दिसलं की समजा, गडबड इथे आहे. अशी फाइल परत लिहिली तर व्हेरिफाय (लिहिलेलं पुन्हा वाचून ताडणं) बिनतक्रार पास होतं, आणि मीटर मात्र चालत नाही.

"दुसऱ्या मीटरमध्ये टाका." पार्ट नंबर, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर आवृत्ती तिन्ही जुळत असतील, तर पूर्ण फाइल टाकणं हीच योग्य पद्धत आहे. त्यात आवृत्तीचा फरक आला की त्याच पत्त्यावर वेगळी माहिती असते. मग पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवतो, किंवा डिस्प्लेवर नुसत्या रेघा येतात. रनिंगचा, म्हणजे चाललेल्या किलोमीटरचा, आकडाही एका जागी साध्या रूपात नसतो. त्याच्या अनेक प्रती आणि चेकसम (आकडा बरोबर आहे का ते ताडणारी बेरीज) असतात, शिवाय चिप झिजू नये म्हणून लिहिण्याची जागा फिरती ठेवलेली असते. नव्या बऱ्याच मीटरमध्ये तर तो मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या मेमरीत असतो. बाहेरची आठ पायांची चिप कॉपी करून तिथे काही हाती लागत नाही.

"इंजिनाशी संबंध नाही." फोक्सवॅगन समूहाच्या २००० च्या दशकातल्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी इंजिनाची कुलूपयंत्रणा, मीटरमध्येच आहे. चुकीची फाइल गेली की इंजिन सुरू होतं आणि सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं. लोक मग पंप आणि फिल्टर बदलत बसतात. बीएमडब्ल्यूच्या ई३९ आणि ई४६ मध्ये रनिंगची नोंद दिवे सांभाळणाऱ्या लाइट मॉड्यूलमध्येही असते. दोन्हींत तफावत पडली की मीटरवर ठिपका पेटून राहतो. त्यामुळे आकडा कमी करून गाडी विकणं गुपचूप जमतं, हाही भ्रमच. ती सरळ फसवणूक आहे, आणि पुढच्या मालकाला टायमिंग बेल्ट कधी बदलायचा तेही कळत नाही. मीटर बदलताना जुन्यातला खरा आकडाच नव्यात जायला हवा, आणि सर्व्हिस बुकात तारखेसह नोंद व्हायला हवी.

"चुकलं तर पुन्हा लिहा." त्याच बीएमडब्ल्यू मीटरमधली एम३५०८० ही मेमरी चिप पाहा. तिचे पहिले ३२ बाइट फक्त चढता आकडा घेतात. तिथे चुकून एफएफ (सर्वांत मोठा आकडा) गेलं तर खाली येत नाही, चिपच बदलावी लागते. साध्या २४ मालिकेतही सातवा पाय वर ओढलेला असेल तर लिहिणं रोखलेलं असतं. व्हेरिफाय न करणाऱ्याला काम झालं असंच वाटतं.

मीटर परत बसवताना कनेक्टर लावेपर्यंत इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा फॉल्ट बसतो. मग इमोबिलायझरचा दिवा विझतोय का ते बघा, इंजिन निदान एक मिनिट चालू ठेवा, स्कॅनर लावा आणि पेट्रोलचा काटा टाकीशी ताडून पाहा. एवढं होईपर्यंत मूळ चिप आणि मूळ फाइल दोन्ही वेगळी जपून ठेवा.