‘परत कधी?’ या प्रश्नाचं माझं उत्तर

ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपापली मोटरसायकल पळवायच्या दिवशी, मी पडले त्याला उद्या 12 आठवडे होतील. एवढ्या दिवसांत भेटलेल्या, फोन केलेल्या, मेसेज केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं, “परत कधी?” म्हणजे, पुन्हा गाडीवर कधी बसणार? विचारणाऱ्यांचा माझ्यावर जीव आहे, हे मला कळतं. तरीही आज याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण मला उभं केलं ते हा प्रश्न न विचारणाऱ्यांनी.

आधी काय झालं ते सांगते. दुसऱ्या सेशनला दोन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) झाले आणि लाल झेंडा, म्हणजे सगळ्यांनी थांबायची खूण, आला. पुढे कोणीतरी पडलं होतं. सगळ्या गाड्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या उभ्या करायच्या जागी, आल्या. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही नुसते उभे होतो, वारा सुटला होता आणि माझ्याकडे टायर गरम ठेवणारे टायर वॉर्मर नव्हते. पुन्हा सोडलं तेव्हा पहिली तीन वळणं उजवी होती. तिन्ही घेताना गाडी छान चिकटून चालली आणि मला वाटलं, टायर तापले. तापली होती ती फक्त उजवी कड. डावी अजून गारच होती, आणि गार टायर नीट पकड घेत नाही. चौथं वळण डावं. नेहमीसारखा ब्रेक पूर्ण न सोडता गाडी आत झुकवली आणि पुढचं चाक निसटलं. हँडलवरचं वजन एकदम नाहीसं झालं, एवढंच आठवतं. पुढच्या क्षणी डावा खांदा जमिनीवर होता.

शिकताना आम्हाला घोकून घेतलं होतं: घसरत असताना थांबल्यासारखं वाटतं, पण आपण थांबलेले नसतो. उठू नका, आकडे मोजा. मी मोजत राहिले. खडीत पोचले तेव्हा सहा झाले होते.

डोळ्यांसमोर पहिलं आलं ते मार्शलचं (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या, पडलेल्यांच्या मदतीला धावणाऱ्या माणसाचं) गुडघ्यावर फाटलेलं नारिंगी कापड. “मान हलवू नकोस. माझ्याकडे बघू नकोस, वरच बघ. नाव सांग.” हेल्मेट काढायला दोघं लागले. एकाने खालून मान आणि जबडा धरून ठेवला, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून हळूहळू वर ओढलं. अँब्युलन्स येईपर्यंत पहिल्याने माझा उजवा हात सोडला नाही. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

कॉलरबोनचे, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतच्या हाडाचे, दोन तुकडे होऊन एकावर एक चढले होते. शिवाय एका बरगडीला तडा. प्लेट बसली, 7 स्क्रू लागले. हॉस्पिटलचं एवढं पुरे.

आता माणसांबद्दल. मी भानावर येऊन “गाडी कुठंय?” विचारलं तोवर गाडी ट्रेलरवर चढली होती. क्लच लिव्हर तुटला होता, डाव्या बाजूचं फेअरिंग (बाहेरचं आवरण) गेलं होतं, टाकीला पोचा पडला होता. एकाने सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते, पण मी मागेपर्यंत ते मला दाखवले नाहीत. मागच्या गाडीवर कॅमेरा होता, मी पडल्याचं त्यात स्पष्ट आलंय. तो व्हिडिओ कुठेही फिरला नाही. ही साधी गोष्ट नाही. पडलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं पडणं जगाला न दाखवणं ही मला फार मोठी माया वाटते.

तिसऱ्या दिवशी दादा आला. आमचा सगळा रायडर ग्रुप त्याला दादाच म्हणतो. येताना माझं हेल्मेट घेऊन आला होता. बाहेरून फार काही दिसत नव्हतं, डाव्या बाजूला हातभर ओरखडे, बस. मी मनात म्हणत होते, पॉलिश केलं की चालेल. त्याने आतलं पॅडिंग काढलं, थर्माकोलसारखा थर उघडा केला आणि माझं बोट कानाच्या वर एका जागी टेकवलं. अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा होता तिथे. “हे तुझ्या डोक्याऐवजी दबलं. एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही. आणि दर वेळी असं दिसतंच असंही नाही, म्हणून आदळलेलं हेल्मेट वापरायचं नाही.” मग खिशातून कटर काढून माझ्यासमोर हनुवटीचा पट्टा कापला, चुकूनही कोणी ते डोक्यात घालू नये म्हणून. मी रडले. खांद्यासाठी नाही, त्या पट्ट्यासाठी. त्याने रडू दिलं.

ग्रुपमधली एक मैत्रीण पहिले दोन आठवडे रोज सकाळी दहा मिनिटं यायची, फक्त माझे केस बांधायला. एका हाताने केस बांधता येत नाहीत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तिला सांगावंही लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं होतं, तिला ते माहीत होतं. आडवं झोपता येत नाही, पाठीला उशांचा ढीग लावून बसूनच झोपायचं, हेही तिनेच सांगितलं. अंगरखा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हेसुद्धा. “लवकर बरी हो” असे मेसेज खूप आले आणि ते वाचून बरंही वाटलं. पण सकाळी आठला दारात उभं राहणारं माणूस म्हणजे वेगळीच गोष्ट.

आणि एक गोष्ट, जी काहींना कठोर वाटेल. बहुतेक जण म्हणाले, “नशीब खराब”, “होतं गं असं”. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला त्याने आणखी भीती वाटायला लागली. नशिबानेच पडले असेन, तर पुन्हा कधीही पडेन. दहाव्या दिवशी दोघं लॅपटॉप घेऊन आले आणि माझ्या गाडीवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ आम्ही तिघांनी थांबवत थांबवत बघितला. त्यातला एक सरळ म्हणाला, “टायर गार होता आणि हे तुला कळायला हवं होतं. सकाळच्या पाचव्या लॅपला जिथे ब्रेक सोडला, तिथेच तू आता सोडतेस.” त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले. पडण्याला कारण होतं, आणि ते माझ्या हातातलं होतं. चूक नाव घेऊन दाखवणं हाही आधारच आहे. मी तर म्हणेन, पडलेल्या रायडरला याहून मोठा आधार दुसरा नाही. फक्त तो देणारा तुमच्या बाजूला बसलेला हवा.

(ट्रॅक डे भरवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. लाल झेंड्यानंतर गाड्या पुन्हा सोडताना पहिला लॅप बिना-ओव्हरटेक ठेवा, आणि पिटच्या तोंडाशी कोणीतरी उभं राहून “टायर गार आहेत” एवढे तीन शब्द प्रत्येकाला म्हणा. चूक माझीच होती, पण ते तीन शब्द कानावर पडायला हवे होते.)

आता ‘परत कधी?’कडे येते. या प्रश्नामागे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली एक गोष्ट आहे. 2013 साली नेदरलँड्समधल्या आसेनला गुरुवारी मोटोजीपीचा (मोटरसायकल रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेचा) रायडर होर्हे लोरेन्झो याची कॉलरबोन मोडली. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट बसवून घेतली, परत आला आणि शनिवारी रेस पाचव्या क्रमांकावर संपवली. ही कहाणी मला या 12 आठवड्यांत निदान सात-आठ जणांनी ऐकवली. पुढचा भाग कोणीच सांगत नाही. दोनच आठवड्यांनी जर्मनीतल्या साक्सनरिंगला तो सरावात पुन्हा पडला, तीच प्लेट वाकली, पुन्हा ऑपरेशन झालं आणि ती रेस हुकली. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्या हातून 4 गुणांनी गेलं.

मोटोजीपीच्याच मार्क मार्केझचं तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. जुलै 2020 मध्ये स्पेनमधल्या जेरेझला उजव्या दंडाचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात शनिवारी तो पुन्हा गाडीवर होता. नंतर प्लेट तुटली आणि ऑगस्टमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. तिसरं डिसेंबरमध्ये, चौथं 2022 मध्ये. पुन्हा जगज्जेता व्हायला 2025 उजाडलं. या दोघांइतकी जिद्द माझ्यात नाही, आणि त्यांच्यामागे जे डॉक्टर, जे फिजिओ होते तेही माझ्यामागे नाहीत. तरी हाडाने त्यांचंही ऐकलं नाही. मोडलेल्या हाडाला चँपियनशिप कळत नाही. त्याला आठवडे कळतात.

पाचवा आठवडा सगळ्यात वाईट गेला. दुखणं कमी झालेलं, हात मात्र खांद्याच्या वर जाईना. बोटांनी भिंत चढायचा व्यायाम असतो, तो करताना मी जिथे अडकायचे तिथे पेन्सिलने खूण करायचे. सलग चार दिवस खूण एकाच जागी. पाचव्या दिवशी मी पेन्सिल फेकून दिली. त्या संध्याकाळी ग्रुपमधल्या एका मुलाने स्वतःच्या भिंतीचा जुना फोटो पाठवला. त्याची कॉलरबोन मागच्या वर्षी मोडली होती. त्याच्याही भिंतीवर खुणा होत्या, आणि मधे एका जागी सहा रेघा एकमेकींवर गिरवलेल्या. खाली एवढंच लिहिलं होतं: “इथे मी नऊ दिवस होतो.” माझी खूण आता दाराच्या चौकटीच्या वर गेली आहे.

आई मला कधीच “सोड आता हे” म्हणाली नाही. तिने दादाचा नंबर मागून घेतला, आणि ते दोघं माझ्यामागे काय बोलतात ते मी विचारत नाही.

तर उत्तर असं: माहीत नाही. परवाच्या एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसतंय, पण डॉक्टरांनी अजून गाडीवर बसायला हो म्हटलेलं नाही. ते म्हणतील तेव्हा नवं हेल्मेट घेईन आणि ट्रॅकवरच्या सगळ्यात हळू गटात नाव देईन. त्याआधी नाही. मला विचारायचंच असेल तर “आज हात कुठपर्यंत गेला?” असं विचारा. त्याचं उत्तर माझ्याकडे रोज असतं.

रविवारी ट्रॅक डे आहे. मी जाणार आहे, गाडी न नेता. मार्शलांच्या मदतीला माणसं कमी आहेत, म्हणून मी नाव दिलंय. झेंडा उजव्या हाताने धरता येतो. जागा कोणती हवी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चौथं वळण मागितलं.